पाणवठ्यावरून : सत्कार कुणाचा करायचा?

मागच्या अंकात नामिबियातल्या माझ्या पंपांच्या गोष्टी सांगताना गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन ही दोन नावं मी जाता जाता घेतली. आफ्रिकेतल्या वन्यजीव संवर्धनात आयुष्य घातल्याबद्दल दोघांना मिळून २०१५ साली प्रिन्स विल्यम पुरस्कार मिळाला, एवढंच लिहिलं आणि परत पंपाच्या वॉशरकडे वळलो. वाचकांनी मला तसं सुटू दिलं नाही. टपालातली निम्मी पत्रं याच विषयावरची, तेव्हा या वेळचं सदर त्यांनाच. नव्या वाचकांसाठी : मी पंपवाला माणूस. सांगलीचा. पाच वर्षं नामिबियाच्या वायव्येकडच्या कुनेने भागात बोअरवर सौर पंप बसवत हिंडलो. प्राणिशास्त्राचा माझा अभ्यास शून्य. जे लिहितो ते टाकीच्या काठावरून पाहिलेलं आणि तिथल्या लोकांकडून ऐकलेलं.

*

आमच्या निसर्ग मंडळाला यंदा २५ वर्षं होतात. पहिल्यांदाच ‘जीवनगौरव’ द्यायचं ठरलंय, पण निकषांवरून समितीत रोज वाद. तुम्ही नावं घेतलेल्या दोघांनी असं नेमकं काय केलं, की आयुष्यभराचा पुरस्कार द्यावा? सविस्तर सांगितलंत तर आमचा वाद तरी मिटेल.
— कार्यवाह, एक निसर्ग मंडळ, नाशिक जिल्हा

वाद मिटायचा नाही, वाढेल. तरी सांगतो.

नामिबियाच्या वायव्य कोपऱ्याला काओकोवेल्ड म्हणतात. पश्चिमेकडे वर्षाला शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. जतमधल्या म्हाताऱ्यांना दुष्काळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण त्यांनाही ही जमीन बघून घाम फुटेल. दगड, कोरड्या नद्यांची पात्रं, त्या पात्रांत तग धरून असलेली आना नावाची बाभळीच्या कुळातली झाडं. आणि तिथेच हत्ती, काळे गेंडे, जिराफ. माणसं हिंबा, हेरेरो, डामारा. गुरं हेच त्यांचं धन, पत आणि बँक.

गार्थ ओवेन-स्मिथ हा दक्षिण आफ्रिकेतला पोरगा १९६८ मध्ये तिथे शेती अधिकारी म्हणून आला. वय चोवीस. तेव्हा नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता आणि वर्णभेदाचं राज्य होतं. हा माणूस हिंबा लोकांच्या शेकोटीशी बसायचा, त्यांची गुरं आणि कुरणं त्यांच्याकडूनच समजून घ्यायचा. सरकारला तो डोईजड वाटला असणार. दोनेक वर्षांत त्याला तिथून हलवलं.

बऱ्याच वर्षांनी तो त्या मुलखात परतला तेव्हा सगळं बिनसलं होतं. १९८० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात लोकांची बहुतेक गुरं मेली. उत्तरेला सीमेवर युद्ध चालू. सरकारनेच गावकऱ्यांना थ्री-नॉट-थ्री रायफली वाटून ठेवलेल्या. गोठा रिकामा, घरात बंदूक, दारात झेब्रा. काय होणार ते झालं. वर हस्तिदंत आणि गेंड्याच्या शिंगाला गिऱ्हाईक. आणि मारणाऱ्यांत गावकरी एकटे नव्हते, सरकारी साहेबलोकही शिकारीचे शौकीन होते.

अशा वेळी आपण काय केलं असतं? कुंपण, चौकी, दंड, तुरुंग. ओवेन-स्मिथ गावच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुख म्हणजे आपल्याकडचा पाटीलच म्हणा. त्यांतले एक हेरेरो प्रमुख जोशुआ कांगोंबे. बोलणं झालं, दीर्घ झालं, आणि त्यातून १९८३ च्या सुमारास गावराखणदार नेमले गेले. राखणदार निवडायचा गावप्रमुखाने. त्याने जबाब द्यायचा तोही गावप्रमुखाला. पगार म्हणजे थोडे रोख पैसे आणि महिन्याचा शिधा. आणि यातले काही जण आधी स्वतःच चोरून शिकार करणारे होते, कारण गेंडा कुठे झोपतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. राखणदारांचं काम चोर पकडणं हे नव्हतंच. चोरी होऊ नये, हे काम होतं. तुमच्या निसर्ग मंडळातले निवृत्त फौजदार असतील तर त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. पकडायचं म्हटलं की शिकार झाल्यावर पोहोचलात तरी चालतं. होऊ द्यायची नाही म्हटलं की चुलत्याच्या घरी जाऊन बसावं लागतं आणि म्हणावं लागतं, काका, ती बंदूक आत ठेवा.

मार्गारेट जेकबसन मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी पुरोस नावाच्या हिंबा वस्तीत आल्या. पर्यटक जीप घेऊन येतात, फोटो काढतात, धुरळा उडवून जातात, आणि ज्यांच्या अंगणात हे चालतं त्यांच्या हाती काही नाही, हे त्यांनी पाहिलं. १९८७ मध्ये तिथे पहिल्यांदा दर पर्यटकामागे ठरावीक रक्कम गावाला मिळू लागली. पुढे दोघांनी मिळून ‘एकात्मिक ग्रामविकास आणि निसर्गसंवर्धन’ अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली. तळ कुठे? वेरेल्ड्सएंड नावाच्या जागी. अफ्रिकान्समध्ये त्याचा अर्थ जगाचं टोक. मी तिथून दोनदा गेलोय. नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही.

आता तुमच्या निकषांच्या कामाचा भाग. १९७५ च्या कायद्यानुसार गोऱ्या शेतमालकाला आपल्या शेतावरच्या वन्यप्राण्यांचा उपयोग करायचा, त्यातून कमवायचा हक्क होता. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या शेतकऱ्याला काही म्हणजे काही नाही. त्याने हरीण मारलं की तो चोर. २१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला आणि १९९६ मध्ये कायदा बदलला : सामाईक जमिनीवरच्या लोकांनी हद्द ठरवून, सभासद नोंदवून, समिती निवडून ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापली, तर त्यांनाही तोच हक्क. १९९८ मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या. आज ८६ आहेत आणि देशाच्या सुमारे २० टक्के जमिनीवर पसरल्या आहेत. या दोघांच्या कामातून काय शिल्लक राहिलं, तर हे. ते गेले तरी चालणारं.

ओवेन-स्मिथ २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही. दोघांना १९९३ मध्येच गोल्डमन हा पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला होता, म्हणजे प्रिन्स विल्यम पुरस्कारापर्यंत आणखी २२ वर्षं गेली. तुमच्या मंडळाने एवढं थांबू नये.

पुरस्काराची बातमी आली तेव्हा मी सेसफॉन्टेनजवळ एका टाकीखाली आडवा पडून व्हॉल्व्ह बदलत होतो. माझ्याबरोबर तिथला एक राखणदार असायचा, साठीचा, सगळे त्याला मामा म्हणावं तशा अर्थाच्या शब्दाने हाक मारायचे. मी त्याला बातमी सांगितली. तो बराच वेळ खूश होता. मग त्याने विचारलं, ‘बक्षिसात गाडी आहे का?’ मी म्हटलं, बहुतेक नाही, पैसे असतील. ‘मग ते गाडीच घेतील,’ तो म्हणाला आणि पाना माझ्या हातात दिला.

*

काका, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तुमचा लेख वाचला आणि स्पष्टच सांगते, खटकलं. आफ्रिकेतल्या निसर्गाची गोष्ट आली की नायक गोरा, पुरस्कार लंडनच्या राजपुत्राच्या नावाचा, आणि ज्यांची जमीन ते मागे उभे. तुम्हाला हे दिसलं नाही का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

दिसलं. पण लेखात लिहिलं नाही, ही माझी चूक. तू कान धरलास ते बरं केलंस.

तुझा मुद्दा अर्धा मला मान्य. आफ्रिकेत अभयारण्यं झाली ती बऱ्याच ठिकाणी लोकांना हुसकावून झाली, आणि हुसकावणाऱ्यांचे पुतळे उभे राहिले. पण या दोघांच्या बाबतीत गोष्ट उलट्या बाजूने चालते. त्यांनी जे मागितलं ते काय होतं? की गोऱ्या शेतमालकाला जो हक्क आहे तोच हिंबा गुराख्याला द्या. स्वतःसाठी जमीन नाही, अधिकार नाही. वर्णभेदी सरकारच्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी तुला एक नाव देतो : सिमसन उरी-खोब. हा डामारा माणूस १९९१ मध्ये गेंड्यांचा माग काढणारा म्हणून नामिबियातल्या ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’मध्ये लागला. पायी. पाठीवर पाणी. पुढे त्याच संस्थेचा प्रमुख झाला, आणि २०२१ चा प्रिन्स विल्यम पुरस्कार त्याला मिळाला. तेच काओकोवेल्ड, तेच काळे गेंडे. हे आधी व्हायला हवं होतं असं तू म्हणशील. मीही म्हणतो.

एक मात्र तुझ्या अभ्यासासाठी. माग काढणं म्हणजे काय, ते मला त्या मामाने दाखवलं. वाळूत हत्तीचं पाऊल उमटतं तेव्हा तळव्याच्या भेगांचं जाळं उमटतं, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं, प्रत्येकाचं निराळं. म्हाताऱ्या हत्तीची टाच झिजून गुळगुळीत झालेली असते. मामा उकिडवा बसला, काडीने ठशाच्या कडेची वाळू हलकेच टोचली. कड ढासळली नाही. म्हणाला, दव पडायच्या आधी गेलाय, दव सुकून कड घट्ट झाली. नंतर त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या कव्हरातली वही काढली आणि एक रेघ ओढली.

त्या वहीला ‘इव्हेंट बुक’ म्हणतात. २००० च्या सुमारास नामिबियातच ती पद्धत बसवली गेली. पिवळी पानं रोजच्या नोंदीची : कुठला प्राणी दिसला, कुणाची शेळी बिबट्याने नेली, कुठे फास सापडला. निळी वर्षाच्या बेरजेची. लाल अनेक वर्षांच्या चढउताराची. महिन्याच्या शेवटी राखणदार रेघा मोजून तक्त्यावर चौकोन रंगवतात. काय मोजायचं ते गावच ठरवतं, आणि वही गावाच्या कचेरीत राहते. संशोधकाला हवी असेल तर त्याने यायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि नक्कल घ्यायची. तुमच्या विभागात किती गावांचा डेटा गावात राहतो, हे एकदा गाइडना विचारून बघ. आणि सुट्टीत गडचिरोलीला मेंढा-लेखाला जाऊन ये. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथली माणसं तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देतील.

*

आमच्याकडे हत्ती येऊन वीस वर्षं उलटली. माड, केळी, सुपारी सगळ्याची वाट लागते, पंचनाम्याला माणूस येईस्तोवर पुढची बाग गेलेली असते. तुमच्या त्या नामिबियात शेतकऱ्याला काय मिळतं? का तिकडेपण नुसतेच सत्कार?
— एक बागायतदार, दोडामार्ग

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण माझी पाच वर्षं यातच गेली.

तिकडे माड नाहीत, पाणी आहे. म्हणजे नाही, म्हणून तर भांडण. वस्तीला एक बोअर, त्यावर डिझेलचा पंप, शेजारी टाकी. हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी लागतं. रात्री कळप आला की टाकी रिकामी. पाइपात पाणी आहे हे त्याला वासाने कळतं, मग तो पाइप उपसतो. सकाळी शेळ्या टाकीशी उभ्या आणि डिझेलचे पैसे गावाने वर्गणी काढून भरलेले. म्हणजे हत्तीच्या पाण्याचं बिल शेळ्या पाळणारी बाई भरते. त्या बाईच्या तोंडासमोर ‘हत्ती ही राष्ट्रीय संपत्ती’ म्हणून बघा.

यावर तिथे जे केलं गेलं ते असं. टाकी आणि पंपाभोवती दगडी भिंत. आपला कोकणातला गडगाच, पण सिमेंटने बांधलेला आणि इतका रुंद की हत्तीची सोंड पलीकडे पोहोचू नये. आणि वस्तीपासून लांब, फक्त हत्तींसाठी वेगळा पाणवठा. डिझेलच्या जागी सौर पंप, म्हणजे रोजचं बिल नाही. हा शेवटचा भाग माझा. माझ्या पहिल्या पंपाची सौर पाटी मी भिंतीच्या आत बसवायच्या ऐवजी बाहेर खांबावर बसवली, कारण सावली टाळायची होती. अकरा दिवस टिकली. बारावा दिवस उजाडला तेव्हा खांब आडवा, आणि पाटीवर एक गोल, चिखलाचा, व्यवस्थित ठसा. मामा बघून म्हणाला, ‘सही केली.’

भरपाईचं म्हणाल तर तिथेही सुखाचं नाही. सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम मिळते, ती जनावराच्या बाजारभावाइतकी नसते, आणि रात्री गुरं गोठ्यात नव्हती तर तीही नाकारतात. फरक एवढाच की त्या गावाला हत्तीमुळे काही मिळतंही. लॉजवाल्याने गावाशी केलेल्या कराराचे पैसे, तिथे पोरांना नोकऱ्या, राखणदारांचे पगार. तुमच्याकडे हत्तीच्या खात्यात फक्त खर्चाची बाजू भरलेली आहे. जमेची रिकामी. जोवर ती भरत नाही तोवर तुम्ही चिडणार, आणि मी तुम्हाला चिडू नका म्हणणार नाही.

आणि जमेची बाजूही कायमची नसते. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटक बंद झाले आणि एका महिन्यात लॉजचे पैसे थांबले. राखणदारांचे पगार चालू राहावेत म्हणून देणगीदारांना तातडीचा निधी उभा करावा लागला. त्याआधी २०१३ पासून वायव्येत पाऊस रुसला होता. झेब्रा, हरणं घटली, गुरं मेली. मी होतो तेव्हाच. रस्त्याकडेला झेब्र्यांचे सांगाडे आणि त्यांच्याशेजारी गाईंचे.

*

त्या कॉन्झर्व्हन्सी पैसेवाल्या परदेशी शिकाऱ्यांना जनावरं मारायला विकतात, हे खरं की खोटं? खरं असेल तर कसला गौरव?
— एक प्राणिप्रेमी, पुणे

खरं. दरवर्षी प्राण्यांची गणती होते, तिच्यावरून मंत्रालय किती प्राणी मारता येतील तो आकडा ठरवून देतं, परवाना शिकारी कंपनीला जातो, पैसे गावाच्या खात्यात आणि मांस गावात वाटलं जातं. मला स्वतःला भिंतीवर मुंडकं टांगणारा माणूस समजत नाही. पण मांस वाटपाच्या दिवशी मी तिथे होतो आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांसमोर माझं मत सांगायची मला लाज वाटली. आकडा बघायचा तर १९९५ च्या सुमारास नामिबियात साडेसात हजारांच्या आसपास हत्ती होते, आज वीस हजारांच्या वर आहेत. त्यातले बहुतेक ईशान्येला, वाळवंटात थोडेच, हेही सांगायला हवं. यापुढे तुमचं मत तुमच्याकडे, माझं माझ्याकडे.

*

कुनोचे चित्ते तिथलेच ना? मग त्यांना पण पुरस्कार मिळाला का?
— इयत्ता पाचवी, ठाणे

बाळा, १७ सप्टेंबर २०२२ ला आले ते आठ चित्ते नामिबियाचेच. पण मी राहिलो त्या वाळवंटातले नाहीत. आणि नाही, पुरस्कार नाही मिळाला. विमानात त्यांना खायलाही दिलं नव्हतं, पोट बिघडू नये म्हणून.

*

३१ जुलैला जागतिक वनरक्षक दिन असतो. आमच्या परिक्षेत्रातल्या सहा वनमजुरांचा सत्कार करायचा विचार आहे. सगळे रोजंदारीवरचे, वीस-पंचवीस वर्षं रानात. मानपत्रात काय लिहावं? तुमची भाषा चांगली आहे, मसुदा करून द्याल का?
— एक लिपिक, चंद्रपूर जिल्हा

मसुदा देत नाही, कारण मी लिहिला तर तो सहाही जणांना सारखाच लागू पडेल. नाशिकच्या मंडळाने हे उत्तर वाचलं तरी चालेल.

असं करा. सहाही जणांशी अर्धा-अर्धा तास बसा. कुठला पाणवठा कुणी साफ केला, वणवा लागला तेव्हा कोण कुठून धावलं, कुणाला अस्वलाने फाडलं आणि दवाखान्याचा खर्च कुणी केला, हे विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, जागेच्या आणि नाल्याच्या नावासकट लिहा. ‘निसर्गाची निःस्वार्थ सेवा’ हे शब्द आले की खोडा. ते रोजंदारीवर आहेत, निःस्वार्थ म्हटलं की पगार वाढवायचं कुणाच्या मनात यायचं नाही. भाषणं दोनच ठेवा. साहेबांचं एक, आणि सहांपैकी ज्याला बोलायचं असेल त्याचं एक, तेही साहेबांच्या आधी. बायकांना बोलवा, नवरा रात्री रानात असताना घर त्यांनी सांभाळलंय.

शाली घेऊ नका. चंद्रपुरात शाल. बूट घ्या, चांगले, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे. सेसफॉन्टेनला एकदा देणगीतून राखणदारांसाठी बुटांचं खोकं आलं होतं, उद्घाटन झालं, फोटो झाले, आणि खोकं उघडलं तर सगळे आठ नंबर. मामाला दहा लागायचा. त्याने ते बूट घरी नेले आणि टायरच्या चपला घालून परत कामावर आला. तेव्हा मापं आधी विचारा, आणि संध्याकाळी विचारा. दिवसभर चालल्यावर पाय सुजलेला असतो.